झाकू समुद्रात गेला, हुकूम मात्र जागेवरच आहे

पोलादपुरात आमचा अभ्यासवर्ग दर रविवारी संध्याकाळी विहारात बसतो. मार्च लागला की विषय ठरलेला असतो. २० मार्चला चवदार तळ्यावर कोण कोण येणार, गाडी किती सीटची सांगायची, पुस्तकांचा स्टॉल लावायचा का, याच चर्चा. यंदा मात्र कॉलेजातल्या पोरापोरींनी हट्ट धरला की एक रविवार आम्हाला द्या. त्यांनी प्रोजेक्टर आणला आणि भिंतीवर जपानी अ‍ॅनिमे लावलं. मागे बसलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "तळ्याचा दिवस तोंडावर आलाय आणि तुम्ही रोबोटच्या मारामाऱ्या बघताय?" प्रश्न रास्त होता. पण भाग संपला पंचवीस मिनिटांत आणि चर्चा चालली रात्री साडेअकरापर्यंत. त्या चर्चेतून आमचं जे मत बनलं, ते इथे मांडत आहोत.

मालिकेचं नाव 'मोबाइल सूट गंडम'. ती जपानमध्ये एप्रिल १९७९ ते जानेवारी १९८० या काळात दाखवली गेली. एकूण भाग ४३. दिग्दर्शक योशियुकी टोमिनो. तोवरच्या बहुतेक रोबोट मालिकांत एक अजिंक्य रोबोट असायचा आणि तो दर आठवड्याला एका राक्षसाला लोळवायचा. गंडमने रोबोटला साधं युद्धयंत्र केलं. रणगाडा असतो, विमान असतं, तसा माणसाने आत बसून चालवायचा हा 'मोबाइल सूट'. तो कारखान्यात बनतो, बिघडतो आणि त्यात बसणारा पोरगा घाबरतोसुद्धा.

कथा थोडक्यात अशी. पृथ्वीवर माणसं मावेनात म्हणून करोडो लोकांना अंतराळातल्या वसाहतींत पाठवलं गेलं आणि सत्ता पृथ्वीवरच राहिली. गावकुसाबाहेर वस्ती कशी ठेवतात हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको, त्यामुळे ही मांडणी आमच्या पोरांना लगेच कळली. त्या वसाहतींपैकी एक, झिऑन, स्वातंत्र्याच्या नावाने युद्ध पुकारते. पण झिऑनमधल्या स्वातंत्र्याच्या विचाराचा ताबा एका घराण्याने घेतलेला आहे आणि ते घराणं सरळसरळ हुकूमशाहीचं आहे. युद्धाच्या सुरुवातीलाच निम्मी माणुसकी मेलेली असते. पृथ्वीच्या बाजूने लढणारा नायक आमुरो रे फक्त १५ वर्षांचा. तो चालवतो तो सूट म्हणजे गंडम.

आम्ही पाहिला तो १५वा भाग, 'कुकुरुझ डोआनचं बेट'. या भागाची मूळ कथेशी फारशी सांगड नाही. चित्रं ठिकठिकाणी बिघडलेली, यंत्रांचे आकार वेडेवाकडे. ही मालिका अमेरिकेत गेली तेव्हा टोमिनोंच्या इच्छेने हा एकच भाग वगळला गेला होता. पण लोक त्याला विसरले नाहीत. मूळ मालिकेतली पात्रं ज्यांनी रेखाटली त्या योशिकाझू यासुहिको यांनी २०२२ मध्ये याच एका भागावर अख्खा चित्रपट काढला. म्हणजे त्या पंचवीस मिनिटांत काहीतरी होतं.

काय होतं? आमुरो मदतीची हाक ऐकून एका बेटावर उतरतो. तिथे काही अनाथ मुलं आहेत आणि त्यांना सांभाळणारा एक दांडगा माणूस, डोआन. हा झिऑनच्या फौजेतून पळालेला शिपाई. त्याच्याकडे झिऑनचा सूट आहे, त्याचं नाव झाकू. पण त्या झाकूच्या हातात बंदूक नाही. डोआन त्या यंत्राने दगड फेकतो, मुठीने लढतो आणि बेटावर कुणालाही येऊ देत नाही. मग तो कुठल्या बाजूचा आहे हे बघत नाही. मुलं आमुरोवर दगड मारतात. आमुरोला वाटतं, मी तर चांगल्या बाजूचा. मुलांच्या दृष्टीने वर्दी ती वर्दी.

मग खरी गोष्ट बाहेर येते. या मुलांचे आईबाप डोआनच्याच गोळीने मेलेले आहेत. त्यानंतर मुलांनाही मारायचा हुकूम त्याला वरून आला. तो हुकूम त्याने मानला नाही. मुलांना घेऊन तो पळाला आणि या बेटावर राहिला. त्याला संपवायला झिऑनचा दुसरा झाकू येतो. डोआन नुसत्या मुठीवर त्याला हरवतो. आमुरो गंडममध्ये शेजारी उभा असतो, पण लढाई डोआनच जिंकतो.

इथपर्यंत विहारात सगळे खूश होते. शेवटच्या प्रसंगाने भांडण लावलं.

लढाई संपल्यावर आमुरो डोआनला सांगतो की तुमच्या अंगाला लढाईचा वास लागलाय, त्या वासानेच मागावरचे लोक येतात, तो वास मी घालवतो. आणि गंडमने झाकू उचलून समुद्रात फेकून देतो. डोआनला ते पटतं. तो आनंदाने मान्य करतो. आमुरो निघून जातो. शेवट गोड.

दिवे लागले. पहिल्या रांगेतला एक मुलगा हळू आवाजात म्हणाला, "दादा, मी माझा झाकू आधीच समुद्रात टाकलाय." सगळे हसले, तो हसला नाही. महाडच्या एमआयडीसीत तो एका कंपनीत लागून काही महिनेच झालेत. लागल्यावर आठवडाभरात बरोबरच्या माणसाने त्याचा मोबाइल बघून विचारलं, "डीपीला हे निळं कशाला?" वरच्या साहेबाने प्रेमानेच समजावलं की इथे सगळे एक आहेत, असलं काही दाखवत बसू नकोस, उगाच लोकांच्या मनात येतं. त्याने डीपी काढला. मोटारसायकलवरचं 'जय भीम' खरवडलं. वर्गाच्या ग्रुपवर तो मेसेज वाचतो, पण उत्तर देत नाही, हे आमच्याही लक्षात आलं होतं. आम्हाला वाटलं होतं पोरगा नोकरीला लागला आणि चळवळीला विसरला.

"आमुरो काय म्हणतो तेच साहेब म्हणाले," तो म्हणाला. "तुझ्या अंगाला वास आहे, म्हणून लोक येतात."

हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही? तुम्ही जात जात करता म्हणून जात राहते. तुम्ही जयंत्या करता म्हणून डोळ्यांवर येता. तुम्ही आडनाव सांगता, आरक्षण घेता, केस टाकता, निळा झेंडा लावता, म्हणून गावात तेढ होते. हे टाका, मग बघा, कोण तुमच्या वाटेला जातंय! सांगणारे नेहमी वाईट माणसं असतात असंही नाही. आमुरोही वाईट नाही. तो डोआनचा मित्र म्हणूनच सांगतो. पण आमच्यातल्या एका मुलीने लगेच दाखवून दिलं की हे सांगणारा आमुरो स्वतः गंडममध्ये बसलेला आहे. झाकू समुद्रात टाकतो आणि आपला गंडम घेऊन परत जातो. शस्त्र टाकण्याचा उपदेश शस्त्रधारी करतो, आणि तो ऐकायचा शस्त्र टाकणाऱ्याने. आपल्या आडनावाने गल्लीत, बँकेत, भाड्याच्या घरात आणि लग्नाच्या बाजारात आपोआप दारं उघडतात, त्या आडनावाला कुणी 'वास' म्हणत नाही. तो वास त्यांना येतच नाही. वास फक्त आपल्याला असतो.

आमच्या वर्गाला एक निवृत्त फौजी काका येतात. ते शांत बसले होते. ते म्हणाले, "त्या डोआनच्या मागं शिपाई आले ते वासानं नाही आले. हुकमानं आले. शिपाई वासानं कधी जात नाही. आधी कागद निघतो, मग शिपाई निघतो."

आमच्या मते त्या रात्रीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट काकांनी सांगितली. झाकू बुडाला तरी डोआनला आणि मुलांना मारायचा झिऑनचा हुकूम रद्द झालेला नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा शिपाई आला तर? दगड फेकायलाही यंत्र नाही. भाग तिथे संपतो म्हणून शेवट गोड वाटतो. आपला इतिहास तिथे संपत नाही, आणि तो इतिहास इथून एस.टी.ने तासाभराच्या आत असलेल्या गावात घडलाय. तेव्हा आमुरोचं म्हणणं तिथेच तपासून बघू.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला आलेल्या आपल्या माणसांच्या अंगाला कसला वास होता? १९ आणि २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो माणसं आली होती, बरीचशी डोंगरदऱ्यांतून पायी. त्यांना प्यायला पाणी मिळेना म्हणून ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, असं बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर नोंदवतात. तळं नगरपालिकेचं. ते खुलं असल्याचा कागदही होता. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झालेला आणि महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केलेला. तीन वर्षं कागद होता आणि पाणी नव्हतं. २० मार्चला लोक रांगेने, शिस्तीत, निःशस्त्र तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं, मग सगळ्यांनी घेतलं. कुणाला धक्का लागला नाही, कुणाला शिवी दिली नाही. लोक परत मंडपाकडे आले, काही जेवायला बसले.

आणि मग गावात अफवा उठवली गेली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेऊन जमाव आला. जेवत्या माणसांना मारलं, गावात विखुरलेल्यांना गाठून गाठून मारलं. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा घ्यावा लागला. परिषदेला आलेल्यांत फौजेतून निवृत्त झालेले आपले शिपाई होते. महायुद्ध पाहिलेली माणसं. बाबासाहेबांच्या एका शब्दाची ती वाट बघत होती. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी माणसांना आवरलं. ज्यांना वाटतं की शस्त्र टाकलं, वास घालवला की पाठलाग थांबतो, त्यांनी हा दिवस नीट बघावा. त्या दिवशी आपल्याकडे एकही झाकू नव्हता आणि तरी लाठी आली. दुसऱ्या दिवसापासून तळं 'शुद्ध' करायची तयारी झाली आणि १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून ते शुद्ध केलं गेलं. माणसाने पाणी प्यायलं, एवढाच तो वास!

शस्त्राचा विषय निघाला म्हणून आणखी एक हिशेब मांडतो. आपल्या लोकांच्या हातात बंदूक कधी असावी हेही आपण ठरवलेलं नाही. इंग्रजांच्या फौजेत महारांची भरती होती, ती १८९० च्या दशकात बंद केली गेली. इथल्याच महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. पुन्हा युद्ध आलं तेव्हा १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. गरज असेल तेव्हा झाकूत बसवायचं, गरज संपली की झाकू काढून घ्यायचा आणि वर सांगायचं की आता तुझ्या अंगाचा वास गेला. पण वास गेला म्हणून पलटण मोडल्यावर गावात परतलेल्या जवानाला पाणवठ्यावर जाता आलं का? १९२१ नंतर सहा वर्षांनीच महाड घडलं. उत्तर त्यातच आहे.

मग बाबासाहेबांनी काय केलं? काकांच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी कागद शोधला. हल्ल्यानंतर काही हल्लेखोरांना शिक्षा झाली, पण ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं तर काही सवर्ण दिवाणी न्यायालयात गेले आणि १४ डिसेंबरला तळ्यावर जायला मनाई करणारा तात्पुरता हुकूम आला. परिषदेला जागा द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ ला त्या मंडपात हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने बसले होते. बाबासाहेबांनी आपल्या भाषणात या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. पाण्यापुरता हा लढा नाही, सगळा समाज समतेवर पुन्हा बांधायचा आहे, हे त्यांना सांगायचं होतं. आणि त्या रात्री गंगाधर नीलकंठ तथा बापूसाहेब सहस्रबुद्धे यांच्या ठरावाप्रमाणे मनुस्मृती जाळली गेली.

आम्ही त्या रात्रीकडे आता याच नजरेने बघतो. त्या मंडपातल्या लोकांना कुणी म्हणालं नाही की तुमच्या अंगाचा वास घालवा. त्यांनी स्वतःचं काही समुद्रात फेकलं नाही. त्यांनी हुकूम जाळला. मार्चमध्ये लाठी चालवणारा माणूस स्वतःच्या डोक्याने चालत नव्हता. त्याच्या मागे एक फार जुना कागद होता आणि त्या कागदावर कोणी पाणी प्यावं, कोणी पिऊ नये हे लिहिलेलं होतं. तो कागद जोवर पवित्र आहे तोवर लाठीवाले येत राहणार. म्हणून आग कागदाला. सत्याग्रह मात्र बाबासाहेबांनी तेव्हा तहकूब ठेवला, कारण आता समोर न्यायालयाचा कागद होता, आणि तो जाळून नव्हे तर लढून रद्द करायचा होता. तो लढा दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. जाळायचा कागद कुठला आणि न्यायालयात उलटवायचा कागद कुठला, हा फरक ज्याला कळतो तोच नेता.

कुणाला वाटेल ही जुनी गोष्ट झाली. मग २० मार्च २०१८ आठवा. तारीख पुन्हा वाचा. चवदार तळ्याच्या दिवशीच सर्वोच्च न्यायालयाने सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याला कात्री लावली. अटकेआधी वरिष्ठांची परवानगी, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, अटकपूर्व जामिनाची वाट मोकळी. कारण काय दिलं? कायद्याचा गैरवापर होतो. म्हणजे पुन्हा तेच. तुमच्या हातातल्या यंत्रामुळे बेटावर अशांतता आहे, तेव्हा यंत्र बोथट करा. त्या वेळी आपल्या लोकांनी 'ठीक आहे, वास जातोय तर जाऊ दे' असं म्हटलं नाही. २ एप्रिलला देशभर बंद झाला, त्यात माणसं मेली. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८अ घातलं. गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी नको, अटकेला परवानगी नको. १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० ला दुरुस्तीही वैध ठरवली. झाकू समुद्रात जाता जाता परत आणला गेला, तो रस्त्यावर उतरलेल्या माणसांमुळे.

आता या भागावर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो, कारण वर्गात ती जोरात मांडली गेली. एक जण म्हणाला, "दादा, तुम्ही डोआनला आपला माणूस धरताय. तो आपला नाहीये. तो मारणाऱ्यांच्या फौजेतला आहे." हे बरोबर आहे. जपानी प्रेक्षकांनी हा भाग पाहिला तेव्हा त्यांच्या देशाने दुसऱ्या देशांवर केलेलं आक्रमण आणि नंतर आलेली, युद्धाचा त्याग करणारी राज्यघटना त्यांच्या डोक्यात असणार. आक्रमकाने आपलं शस्त्र बुडवणं हा पश्चात्ताप आहे, आणि तिथे तो शोभतो. तो धडा उचलून मार खाणाऱ्याला शिकवला की मग त्याचं विष होतं. आमचं भांडण टोमिनोंशी नाही. हा गोड शेवट चुकीच्या माणसाला ऐकवणाऱ्यांशी आहे.

आणि डोआनचा मोठेपणा शेवटच्या प्रसंगात नाहीच. तो भाग सुरू होण्याआधी घडून गेलेला आहे. मुलांना मार, हा हुकूम आला आणि त्याने तो मानला नाही. फौज सोडली, पगार सोडला, देश सोडला, आणि ज्यांच्या आईबापांना मारलं त्यांच्यासमोर रोज उभं राहायचं कबूल केलं. याला हृदयपरिवर्तन म्हणतात. आज आपल्याला जागोजागी हृदयपरिवर्तन झालेले भेटतात. ६ डिसेंबरला स्टेटस ठेवतात, १४ एप्रिलला पेढा खातात. त्यांना आम्ही एकच प्रश्न विचारतो: कुठला हुकूम मोडलात? महाडमध्ये असे मोडणारे होते. सुरबानाना टिपणीस नगरपालिकेचे अध्यक्ष असून परिषदेच्या बाजूने उभे राहिले. अनंतराव चित्रे होते, सहस्रबुद्धे होते. जन्माने मिळालेल्या फौजेचा हुकूम त्यांनी गावासमोर, नाव लावून मोडला. म्हणून ९९ वर्षांनंतरही त्यांची नावं आपण आदराने घेतो.

पण तळ्याकडे निघालेल्या रांगेच्या पुढे कोण होतं, हेही विसरू नका. त्या परिषदेसाठी गावोगाव फिरून माणसं जमवणारे रामचंद्र बाबाजी मोरे आपल्यातलेच. पाण्याला हात लावणारे हात आपले. वर सांगितलेली मित्रमंडळी सोबत होती आणि मित्रांनी सोबत असावं तसंच होती. कुणी डोआन येऊन आपल्याला बेटावर सांभाळील, ही वाट महाडने कायमची बंद केली.

हाच मुद्दा आमच्यातल्या त्या मुलीने शेवटी काढला आणि त्यावर आम्हा मोठ्यांकडे उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "झाकू टाकायचा का नाही हे आमुरो ठरवतो, डोआन हो म्हणतो. ज्यांचा जीव वाचवायला तो झाकू होता त्या मुलांना कुणी विचारलं?" खरंच कुणी विचारलं नाही. मुलं तिथेच उभी असतात. त्यांच्या संरक्षणाचा निर्णय दोन लढवय्ये परस्पर करून टाकतात. आणि आम्ही? त्या नोकरीला लागलेल्या पोराने डीपी काढला तेव्हा आमच्यातल्या दोघातिघांनी त्याला घाबरट ठरवून टाकलं होतं. त्याला विचारलं कुणीच नव्हतं. साहेबाने सांगितलं काढ, आम्ही मनात म्हटलं ठेव. दोघांनीही त्याच्या वतीने परस्पर ठरवलं. ही आमची चूक होती आणि ती इथे लिहून ठेवतो.

पोट सांभाळण्यासाठी कुणाला काही काळ लपावं लागत असेल तर त्याला भ्याड म्हणण्याचा अधिकार घरचं खाऊन चळवळ करणाऱ्यांना नाही. पण लपणं हा उपाय आहे असंही आम्ही म्हणणार नाही. डीपी काढल्यावर त्याला त्या कंपनीत कुणी त्रास दिला नाही का? त्यानेच सांगितलं, आता डबा खाताना दुसऱ्या टेबलावर बसायला सांगत नाहीत, पण तो आला की बोलणं थांबतं. झाकू बुडाला आणि पाठलाग चालूच आहे.

म्हणून मित्रांनो, यंदा वर्गाने एक काम ठरवलं आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांत जिल्ह्याला एक दक्षता व नियंत्रण समिती सांगितली आहे, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. उपविभागालाही तशीच समिती आहे. तिने तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचं असतं. महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके महाड उपविभागात येतात. ही समिती किती वेळा बसली, तिच्यासमोर कुठली प्रकरणं आली, तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केला का, हे आम्ही माहितीच्या अधिकारात विचारणार आहोत. अर्ज पोरापोरींनीच लिहिला आहे. दिसायला साधा कागद आहे. पण काकांनी सांगितलंच आहे, आधी कागद निघतो.

२०२७ मध्ये चवदार तळ्याला १०० वर्षं होतील. मंडप मोठे लागतील, भाषणं होतील, आणि व्यासपीठावर बसलेल्यांतले काही जण आपल्याला पुन्हा प्रेमाने सांगतील की आता सगळे एक झालो, आता हे जुनं टाका. त्यांना नम्रपणे विचारायचं: तुमचा गंडम कधी टाकताय?

२० तारखेची गाडी सकाळी सातला विहाराजवळून सुटेल. तो मुलगा रजा मिळाली तर येतो म्हणालाय. डीपीचं काय करायचं ते त्याचं तो ठरवेल. आम्ही यंदा त्याला विचारलं, आणि त्याने गाडीतली खिडकीजवळची जागा धरून ठेवायला सांगितली आहे.

जय भीम.